पुळण झाडली तो दिवस

"लिही," आते म्हणाली, "आणि मी सांगतंय तसाच लिही. तुझ्या पदरचा काय घालू नको."

मी नोंदवहीचं पान उलटलं. आते आमच्या नगरपंचायतीच्या ऑफिसात पहिल्यांदाच आली होती. मासळीची टोपली तिने बाहेर पायरीवर ठेवली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि टेबलापुढच्या खुर्चीवर न बसता उभीच राहिली होती. घरी मला भाताचा टोप घासायला लावणारी बाई इथे मला साहेबासारखं वागवत होती, याचं मला हसू येत होतं.

"नाव?" मी उगाच विचारलं.

"लीलावती गोपाळ खवणेकर. धंदो मासो सुकवणा. आता लिही. लायटी लावा, बाकडी ठेवा, भेळपुरी इका, आमचा काय म्हणणा नाय. पण माडांपासून व्हाळाच्या तोंडापर्यंत पुळण सोडा. मासो वाळूक ऊन व्हया, वारो व्हयो आणि खाली वाळू व्हयी. फरशेर मासो वाळना नाय, शिजता. लिवलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. तिने अंगठा न लावता सही केली. मी सातवीत असताना मीच तिला सही शिकवली होती, आणि 'ली'ची वेलांटी ती अजूनही उलट्या बाजूने काढायची.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. खारवणे गावच्या किनाऱ्याचं सुशोभीकरण मंजूर झालं होतं. बंदराच्या धक्क्यापासून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, मुखापर्यंत दगडी भिंत, तिच्यामागे फरसबंदी, दिवे, बाकडी, खाण्याचे स्टॉल. लोकांची मतं नोंदवून घ्यायला सरकारने महिन्याची मुदत दिली होती आणि मतं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी तेवीस वर्षांची, कंत्राटी लिपिक. दर अकरा महिन्यांनी माझी ऑर्डर संपायची आणि नवी मिळेपर्यंत मी देव पाण्यात घालून बसायची.

आमच्या गावात एखाद्याला मत विचारायची सोय नाही, कारण तो ते देतो. बंदरावरच्या खाणावळीचे बाप्पा शिरसाट आले आणि म्हणाले, "एकच ओळ लिही. लवकर करा." मग त्या एका ओळीचं स्पष्टीकरण त्यांनी पाऊण तास केलं. निवृत्त कामतमास्तरांनी तीन पानं आणली. बाकड्यांना पाठ हवी, ती समुद्राकडे तोंड करून हवीत आणि त्यांवर देणगीदारांची नावं नकोत, असं त्यांचं म्हणणं होतं. रिक्षावाल्यांना स्टँड हवा होता. क्रिकेटवाल्या पोरांना भिंत हवी होती, म्हणजे चेंडू समुद्रात जाणार नाही. एका गृहस्थांनी विरोध नोंदवला, कारण विचारल्यावर म्हणाले, "आमच्या शेजाऱ्याचा पाठिंबा आहे ना? मग बस."

या सगळ्यांत आतेचं मत एक्केचाळिसावं होतं. तिच्यामागे आणखी दहा जणींची नावं होती. माडांपासून व्हाळापर्यंतच्या त्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या पट्ट्यावर, या अकरा बायका पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवत होत्या. पेडवे, बांगडे, बारीक कोलंबी. कोणाची चटई कुठे पसरायची हे ठरलेलं होतं. त्याला ना कुंपण, ना कागद. एकीने मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर गाव सोडलं तरी तिची जागा तशीच रिकामी राहायची.

त्याच पुळणीवर मी वाढले. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. बाबा मुंबईला गोदीत होते, ते वर्षातून एकदा गणपतीला यायचे. आते नवरा गेल्यावर माहेरी आली होती, तिने मला पदराखाली घेतलं. माझ्या शाळेची पुस्तकं, कॉलेजचा एसटीचा पास, टायपिंगची परीक्षा, सगळं सुक्या पेडव्यांतून आलं. आणि कॉलेजच्या एसटीत मी शेजारी बसले की खिडकी उघडणारी एक मुलगी होती. काही बोलायची नाही, फक्त खिडकी उघडायची. तिचं नाव मी विसरले, खिडकीचा खडखडाट विसरले नाही.

माघातल्या एका सोमवारी आमचे हेडक्लार्क सामंत भाऊसाहेब माझ्या टेबलापाशी आले.

"शुक्रवारी समिती येतेय. स्थळपाहणी. जागा बघणार, पंचनामा करणार. तुम्ही बरोबर राहायचं."

"हो, भाऊसाहेब."

"आणि किनारा जरा नीटनेटका दिसू दे. बाहेरची माणसं, त्यांना वासाची सवय नसते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिथं तुमच्या घरचीच माणसं असतात ना?"

माझे कान तापले. भाऊसाहेब हे सहज बोलले की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही. ते वारले, आणि विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. पण त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य निघालं, "तुमच्या कायम होण्याचा प्रस्ताव याच महिन्यात पाठवायचा म्हणतोय," आणि मी घरी गेले ती ठरवूनच.

आते अंगणात बसून बांगडे चिरत होती.

"आते, शुक्रवारी समिती येतेय पुळण बघायला."

"येऊ दे. बघू देत. बघूकच येतत मां?"

"त्या दिवशी मासळी उचलाल का सगळ्या?"

तिची सुरी थांबली. "कित्याक?"

"पालखीला उचलता तशी. एका दिवसापुरती."

माघी पौर्णिमेला गावदेवीची पालखी समुद्रस्नानाला पुळणीवर येते. त्या दिवशी वाळूवर एक माशाचं खवलं दिसता नये, अशी आमच्याकडे रीत. बायका पहाटे सगळी मासळी घरात नेतात, चटया गुंडाळतात, पुळण झाडतात, समुद्राचं पाणी शिंपडतात आणि ओल्या वाळूवर रांगोळी घालतात. पालखी जाते, दुसऱ्या दिवशी मासळी पुन्हा येते.

"पालखी देवीची," आते म्हणाली. "ह्ये कोण मेले?"

"पाहुणे."

"पावणे आसत तर घराक येऊ देत, चाय करीन. पुळणीर ते आमचा काम बघूक येतत. काम उचलून ठेवलंव तर बघतले काय? वाळू?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ती बरोबर बोलत होती. तेव्हाही ते मला कळलं होतं. 'कळलं नव्हतं' असं सांगून मला आज सुटता येत नाही.

मी म्हटलं, "ते लोक नाकाला रुमाल लावतील आते. आणि भाऊसाहेब माझ्याकडे बघतील. मला कायम करायचा प्रस्ताव जायचाय. मला लाज वाटते गं."

शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि आते माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं. खवले लागलेले हात तिने पाण्याच्या बादलीत बुडवले, निथळले, पुन्हा बुडवले.

"बरा," ती म्हणाली. "उचलताव."

शुक्रवारी पहाटे मी पुळणीवर गेले तेव्हा अकराच्या अकरा जणी कामाला लागल्या होत्या. आतेच्या शेजारी चटई पसरणाऱ्या तारामावशी तेवढ्या कुरकुरत होत्या.

"लीले, पेडवे अर्धे वाळलेत गो. घरात कोंबलंव तर कुसतले. दोन दिसांचा ऊन फुकट."

"कुसले तर कुसले," आते माझ्याकडे हात करून म्हणाली. "चेडवाच्या साहेबांका दाखवचा आसा, आमच्या गावात रीत आसा ती. उचल."

त्यांनी मासळी उचलली. चटया गेल्या, टोपल्या गेल्या, बांबू गेले, मीठ ठेवायचे डबे गेले. मग खराट्यांनी पुळण झाडली. कळश्यांनी पाणी आणून शिंपडलं. आतेने पालखीला घालते तीच रांगोळी घातली, मधोमध कमळ. सगळ्या जणी घरी जाऊन लग्नाकार्याची लुगडी नेसून आल्या, डोक्यात अबोलीचे वळेसर माळले आणि माडाखाली ओळीने उभ्या राहिल्या. एका पाटावर पंधरा शहाळी सोलून ठेवली होती.

दहा वाजता दोन गाड्या आल्या. समितीचे साहेब सभ्य होते, त्यांच्याविषयी मला वाईट बोलता येणार नाही. त्यांनी रांगोळीला वळसा घातला, चपला काढल्या, वाळूत अनवाणी चालले, शहाळं प्यायले.

"वा!" ते म्हणाले. "इतका स्वच्छ किनारा मी जिल्ह्यात पाहिला नाही. अगदी मोकळा. इथे एरवी काय चालतं?"

"विशेष काही नाही, साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "वर्षातून एकदा पालखी येते."

मी त्या दोघांच्या मधे उभी होते. दोन शब्द पुरले असते. माडाखालून आते माझ्याकडे बघत होती. एवढ्या अंतरावरून तिला ऐकू गेलं नसावं. ती हसत होती, कारण कोणीही नाकाला रुमाल लावला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी तेवढंच दिसत होतं. मला आनंद झाला होता.

त्यांनी फोटो काढले. टेप लावून मोजलं. दुपारी ऑफिसात भाऊसाहेबांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. "पंचनामा. हजर होता म्हणून सही." मी वाचला. एका ओळीपाशी थांबले आणि म्हटलं, "भाऊसाहेब, हे..."

"चुकीचं आहे का काही?"

"चुकीचं नाही. पण..."

"मग?"

मी सही केली.

घरी आले तेव्हा सगळ्या घराला कुबट वास सुटला होता. ओटीवर, माजघरात, माझ्या पलंगाखाली पेडव्यांच्या टोपल्या होत्या आणि बंद हवेत त्या आंबल्या होत्या. आते एकेक टोपली मागे नेऊन माडाच्या मुळाशी पुरत होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू जा. तुझी साडी खराब होयत." मग विचारलं, "खूश होते मां साहेब?"

"हो, खूप."

"झाला तर."

महिन्याभराने हायस्कूलच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. सगळा गाव लोटला होता. मी स्टेजखालच्या टेबलाशी नोंदवही घेऊन बसले होते, अकराही जणी डाव्या बाजूच्या सतरंजीवर. साहेब एकेक मत वाचत होते आणि उत्तर देत होते. बाकड्यांना पाठ मिळाली, कामतमास्तरांनी हात जोडले. रिक्षास्टँड मिळाला, टाळ्या पडल्या. बाप्पा शिरसाट पहिल्या रांगेत पानाचा डबा उघडून बसले होते.

"हरकत क्रमांक एक्केचाळीस. लीलावती खवणेकर आणि इतर दहा." साहेबांनी आतेचे शब्द वाचले. 'फरशीवर मासा वाळत नाही, शिजतो' याला मागच्या पोरांत हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी फाईलमधून कागद काढला. "याबाबत स्थळपाहणीचा पंचनामा असा आहे. 'सदर जागेवर पाहणीच्या वेळी मासळी सुकवणे अथवा अन्य कोणताही वापर आढळून आला नाही. जागा स्वच्छ व मोकळी आहे.' सोबत फोटो आहेत. त्यामुळे ही हरकत मान्य करता येत नाही."

मी थांबले होते ती ओळ हीच.

सतरंजीवर एकदम कालवा झाला. तारामावशी उठून उभ्या राहिल्या. "अहो साहेब, त्या दिवशी आमीच..." आतेने त्यांचा पदर धरून त्यांना खाली ओढलं आणि स्वतः उठली.

"मी बोलतंय," ती म्हणाली. "साहेबांनू, त्या दिवशी मासळी नव्हती ती कित्याक नव्हती, सांगू?"

"जरूर सांगा, बाई," साहेब म्हणाले. "पण एक लक्षात घ्या. या पंचनाम्यावर तुमच्याच वस्तीत राहणाऱ्या आमच्या कर्मचाऱ्याची सही आहे. कुमारी विशाखा अनंत आडकर. वस्तुस्थिती वेगळी होती आणि त्यांना ती माहीत होती, असं तुमचं म्हणणं असेल तर तसं नोंदवा. मग त्यांचा जबाब घ्यावा लागेल."

आतेला माझ्या सहीचं ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलंच नव्हतं.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी उठावं. उठून म्हणावं, साहेब, मीच उचलायला लावली, यांचा दोष नाही, जागा रोज भरलेली असते. शब्द तयार होते. माझे हात नोंदवहीवर होते, पेनाचं टोपण मी घट्ट धरलं होतं, आणि मी उठले नाही. त्या दिवशी उठले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

"बाई, काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर आसा ता," आते म्हणाली. "त्या दिवशी थय काय नव्हता."

"लीले!" तारामावशी ओरडल्या.

"नव्हता म्हणतंय मां मी!" आतेचा आवाज चढला. तो तिने त्यांच्यावर चढवला, माझ्यावर नाही. मग ती खाली बसली आणि तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. साहेबांनी एक्केचाळीसपुढे काहीतरी लिहिलं आणि बेचाळीस वाचायला घेतलं.

दोन वर्षांत भिंत झाली. मी त्याआधीच कायम झाले होते. आतेने त्या पगाराच्या पहिल्या पेढ्यातला अर्धा खाल्ला आणि अर्धा देवापुढे ठेवला. पुळणीच्या जागी फरशी आली तेव्हा तिने आमच्या घराच्या स्लॅबवर पेडवे घालून पाहिले. बाहेरून कडक झाले, आतून नासले. दोन हंगाम तिने खटपट केली, मग चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या. बाकीच्या जणी पांगल्या. कोणी काजूच्या फॅक्टरीत गेली, कोणी हॉटेलात भांड्यांना लागली. तारामावशी नव्या फरशीवर स्टॉल टाकून दुसऱ्या बंदरावरून आलेली सुकी मासळी पिशव्यांत भरून पर्यटकांना विकायला लागल्या. त्या माझ्याशी आजवर बोललेल्या नाहीत. आतेशी मात्र रोज बोलतात; म्हणजे सगळं त्यांना ठाऊक आहे.

आणि आते? तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. रागावली असती, हाकलून दिलं असतं, तर मी पाय धरले असते. ती सकाळी माझ्या डब्यात भाकरी घालत राहिली. मला शिक्षा करायचा हक्क होता ती एकच व्यक्ती, आणि तिने तो कधी वापरला नाही. पुढे माझं लग्न झालं, मी गावातच राहिले, आतेला माझ्याकडे आणलं. सतरा वर्षं एका घरात आम्ही त्या एका गोष्टीभोवती जपून चाललो.

यंदाच्या माघी पौर्णिमेला ती सकाळी लवकर उठून बसली. आता तिला एकोणऐंशी पूर्ण झाली आहेत, गुडघे गेले आहेत.

"माका पुळणीर ने," म्हणाली. "खराटो घे."

"आते, तिथे नगरपंचायतीची माणसं झाडतात गं."

"झाडू देत. तू खराटो घे."

मी तिला रिक्षाने नेलं. फरशी धुऊन लखलखीत होती, पालखीसाठी मांडव होता. माडांपैकी दोन उरले आहेत. त्यांच्याजवळच्या बाकड्यावर मी तिला बसवलं. पाठ असलेलं बाकडं, समुद्राकडे तोंड केलेलं. पण ती बसली नाही. काठी टेकत उठली, माझ्या हातून खराटा घेतला आणि माडापासून पाच पावलं मोजून वाकली. तिची चटई जिथे असायची, तेवढाच तुकडा ती झाडायला लागली. तिथे झाडायला काही नव्हतं.

फिरायला आलेले लोक बघत होते. मी पुढे होऊन तिचा हात धरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आते, तू त्या दिवशी खरं का सांगितलं नाहीस?"

कुठला दिवस, हे तिने विचारलं नाही.

"तू म्हणालंस, लाज वाटता. मासो उचलूक सांगलंस, उचललंय. पुळण गेली. मगे तुका पण उचलून बाजूक ठेवची होती काय मी?"

मला रडू फुटलं. भर सकाळी, चार माणसांत, चाळीस वर्षांची बाई मी, तिथेच फरशीवर बसले आणि म्हटलं, "आते, माझं चुकलं. मी उठायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली. "उठूक व्हया होता."

सतरा वर्षांत ती एवढंच बोलली. मग हळूहळू, काठीला धरून, ती माझ्याशेजारी खाली बसली. तिने तळवा फरशीवर टेकवला, क्षणभर ठेवला आणि उचलला.

"बघ," म्हणाली, "आताच तापली."

मी माझा हात तिथे ठेवला. लांबून ढोलांचा आवाज येत होता, पालखी देवळातून निघाली होती.